फॅटी लिव्हरमधून कर्करोग कसा होतो? उंदरांवरच्या प्रयोगांतून काय कळलं आणि ते तुम्हाला किती लागू पडतं

पोटाची सोनोग्राफी बहुतेक वेळा दुसऱ्याच कारणासाठी केलेली असते. मुतखडा आहे का, पित्ताशयात खडे आहेत का, एवढंच बघायचं असतं. रिपोर्टच्या शेवटी मात्र एक ओळ येते: 'ग्रेड १ फॅटी लिव्हर'. काही जण तो रिपोर्ट घडी करून कपाटात ठेवतात आणि विसरून जातात. काही जण त्याच रात्री मोबाइलवर शोधायला बसतात आणि तासाभरात 'फॅटी लिव्हरमधून कॅन्सर' इथपर्यंत पोहोचतात. तिथे त्यांना हमखास एखादी बातमी भेटते: अमुक औषधाने उंदरांमधला यकृताचा कर्करोग थांबला, तमुक आहाराने उंदरांच्या यकृतात गाठी झाल्या. दुसऱ्या दिवशी ती बातमी माझ्या दिंडोशीच्या दवाखान्यात येते. "डॉक्टर, हे माझ्यासाठी आहे का?"

आधी थोडक्यात उत्तर देतो. फॅटी लिव्हर असलेल्या बहुसंख्य लोकांना यकृताचा कर्करोग कधीही होत नाही. ज्यांना होतो, त्यांच्या यकृतात बहुधा आधी अनेक वर्षं सूज असते आणि सुजेमागून व्रण पडत गेलेले असतात. हा मधला टप्पा कसा घडतो याची बरीचशी माहिती आपल्याला उंदरांनी दिली आहे. पण उंदरात कर्करोग रोखणारं औषध माणसातही तो रोखतं, असं आजवर एकाही औषधाबाबत सिद्ध झालेलं नाही. तुमच्या यकृताचा धोका किती आहे हे ठरवायला उंदराची गरज नाही. तुमच्या फाइलमध्ये आधीच असलेले तीन-चार आकडे पुरतात. ते पुढे सांगतो.

चरबीपासून गाठीपर्यंतचा रस्ता

यकृताच्या शंभर पेशींपैकी पाचांहून जास्त पेशींत चरबीचे थेंब साठले की त्याला फॅटी लिव्हर म्हणतात. दारू न पिणाऱ्यांमध्ये याचं कारण बहुधा पोटाचा घेर, मधुमेह, वाढलेलं ट्रायग्लिसराइड किंवा रक्तदाब यांत सापडतं. या आजाराला अनेक वर्षं 'नॅफ्ल्ड' म्हणत. २०२३ मध्ये जगभरच्या यकृततज्ज्ञांनी नाव बदलून 'मॅसल्ड' केलं. आता काही रिपोर्टवर जुनं आणि काहींवर नवं नाव असतं. आजार तोच आहे, घाबरू नका.

दिल्लीच्या एम्समधल्या डॉक्टरांनी भारतातले अनेक अभ्यास एकत्र करून २०२२ मध्ये एक अंदाज प्रसिद्ध केला. त्यानुसार आपल्याकडे प्रौढांमध्ये फॅटी लिव्हरचं प्रमाण सुमारे ३८.६ टक्के आहे, म्हणजे दर पाच जणांत जवळपास दोघं. इतक्या लोकांना जर कर्करोग होणार असता तर टाटा हॉस्पिटलच्या दहा इमारतीही पुरल्या नसत्या. बहुतेकांची गाडी चरबीवरच थांबते. थोड्यांच्या यकृतात चरबीबरोबर सूज येते, तिला पूर्वी 'नॅश' आणि आता 'मॅश' म्हणतात. त्यातल्या काहींच्या यकृतात सुजेमागे तंतूंचे व्रण पडतात, हे फायब्रोसिस. व्रण वाढत जाऊन यकृत गाठाळ आणि कडक झालं की सिरॉसिस. सिरॉसिसपर्यंत पोहोचलेल्या शंभर रुग्णांमागे दरवर्षी साधारण एक-दोघांना यकृताचा कर्करोग होतो. सिरॉसिस नसलेल्यांत हे प्रमाण फारच कमी, वर्षाला हजारात एकाहूनही कमी आहे.

एक गोष्ट मात्र लपवून उपयोग नाही. फॅटी लिव्हरमधून होणारा कर्करोग कधीकधी सिरॉसिस झालेला नसतानाही होतो. असं का, हे नीट उलगडायचं म्हणूनही संशोधक उंदराकडे वळतात.

मग माणसांवरच अभ्यास का करत नाहीत?

करतात, पण माणसात हा प्रवास वीस-तीस वर्षांचा असतो. त्या काळात दर सहा महिन्यांनी यकृताचा तुकडा काढून बघायला कोण तयार होईल? बायोप्सीत सुई घालावी लागते आणि रक्तस्रावाचा थोडा धोका असतो, म्हणून गरज असेल तरच ती करतात. शिवाय माणूस एकाच प्रकारचं जेवत नाही. सोमवारी उपास, मंगळवारी वडापाव, गणपतीत मोदक, मध्येच दोन महिने जिम. नेमकं कशामुळे काय झालं ते सांगता येत नाही.

प्रयोगशाळेतला उंदीर दोन-तीन वर्षं जगतो. तुमची वीस वर्षं त्याच्या काही महिन्यांत बसतात. एकाच वाणाचे, जवळजवळ जुळ्या भावंडांसारखे शंभर उंदीर मिळतात. सगळ्यांना तेच खाणं देता येतं, आणि आठव्या, सोळाव्या, चोविसाव्या आठवड्यात काहींची यकृतं काढून पेशीपेशी तपासता येते. एखादं जनुक बंद करून काय बिघडतं तेही बघता येतं. हा उंदीर आपल्या गटारातला नव्हे. २५-३० ग्रॅमचा, बहुधा काळ्या रंगाचा, पिढ्यान् पिढ्या पिंजऱ्यात वाढलेला असतो.

रुग्णांपैकी काहींना, विशेषतः जैन आणि वारकरी कुटुंबांतल्यांना, हे ऐकून वाईट वाटतं. त्यात चूक काहीच नाही. आपल्याकडे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंध कायद्याखाली अशा प्रयोगांवर देखरेख करणारी सरकारी समिती आहे, आणि १९९८ च्या नियमांनुसार संस्थेला नोंदणी करून प्रत्येक प्रयोगाची परवानगी आधी घ्यावी लागते. जिथे पेशींवर किंवा संगणकावर भागतं तिथे प्राणी वापरू नये, हे तत्त्व आता जगभर मानलं जातं. पण आहार, चरबी, आतडं, प्रतिकारशक्ती आणि यकृत यांचा एकत्र खेळ काचेच्या बशीत अजून पूर्णपणे उभा करता आलेला नाही.

हे काम मुंबईला नवं नाही

परळच्या टाटा हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेतून डॉ. वसंत खानोलकरांनी १९५२ मध्ये भारतीय कर्करोग संशोधन केंद्र उभं केलं. तिथे डॉ. कमल रणदिवे यांनी उंदरांच्या वाणांवर आयुष्यभर काम केलं. पुण्यात जन्मलेल्या या मराठी संशोधिकेने स्तनाच्या कर्करोगात आनुवंशिकता, संप्रेरकं आणि विषाणू यांचा काय संबंध आहे ते उंदरांमध्ये शोधलं. पुढे त्या केंद्राच्या संचालक झाल्या, आणि १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. त्या संस्थेचा वारसा आज खारघरच्या 'ॲक्ट्रेक'मध्ये चालू आहे.

तो यकृताचा नव्हे तर स्तनाचा कर्करोग होता. तरीही त्या काळातली एक गोष्ट इथे सांगण्यासारखी आहे. काही वाणांच्या उंदरांत आईच्या दुधातून पिल्लाला एक विषाणू मिळतो आणि मोठेपणी त्या पिल्लाला स्तनाचा कर्करोग होतो, हे १९३० च्या दशकातच दिसलं होतं. साहजिकच प्रश्न आला की माणसातही असंच असेल का? स्तनाच्या कर्करोगाचं प्रमाण जास्त असलेल्या मुंबईतल्या पारशी समाजातल्या स्त्रियांच्या दुधात असे कण शोधले गेले, आणि १९७१ मध्ये त्याचा अहवाल 'नेचर'मध्ये छापूनही आला. पण माणसात आईच्या दुधातून हा कर्करोग जातो, असं पुढे काही सिद्ध झालं नाही. उलट अंगावर पाजल्याने आईचा स्तनाच्या कर्करोगाचा धोका कमी होतो, हे आज आपल्याला माहीत आहे. उंदरातलं खरं होतं. ते फक्त उंदरापुरतं खरं होतं. त्या वेळी कोणी घाईने "अंगावर पाजू नका" असा सल्ला दिला असता, तर केवढं नुकसान झालं असतं!

उंदराला फॅटी लिव्हर करतात तरी कसं?

बातमीत 'उंदरांवर प्रयोग' एवढंच लिहिलेलं असतं. पण कोणत्या उंदरावर आणि कसा, यावरच सगळं अवलंबून आहे, म्हणून इथे जरा थांबू.

सर्वांत सरळ मार्ग म्हणजे आपण जे खातो तेच त्याला देणं: भरपूर चरबी, कोलेस्टेरॉल आणि पाण्यात साखर. उंदीर लठ्ठ होतो, त्याची साखर वाढते, यकृतात चरबी साठते. अडचण अशी की बहुतेक वाणांत गाडी तिथेच अडकते. व्रण फार पडत नाहीत आणि कर्करोग क्वचितच होतो. १९४९ मध्ये अमेरिकेतल्या जॅक्सन प्रयोगशाळेत जन्मतःच अतिलठ्ठ होणारे उंदीर सापडले. त्यांच्यात भूक आवरणारं लेप्टिन नावाचं संप्रेरक बनत नाही, हे १९९४ मध्ये कळलं. त्यांचं यकृतही चरबीने भरतं, पण आपोआप फारसं व्रणमय होत नाही.

म्हणून संशोधक दुसरा धक्का देतात. काही जण कर्करोग घडवणारं किंवा यकृत जाळणारं रसायन टोचतात. जपानमध्ये तयार झालेल्या एका पद्धतीत पिल्लू दोन दिवसांचं असताना स्ट्रेप्टोझोटोसिनचं इंजेक्शन देऊन त्याच्या स्वादुपिंडाला इजा करतात आणि चौथ्या आठवड्यापासून चरबीयुक्त खाणं देतात. विसाव्या आठवड्याच्या सुमारास गाठी दिसतात. झटपट होतं, पण हा मधुमेह तुमच्या-माझ्या टाइप २ मधुमेहासारखा नसतो. तिसऱ्या पद्धतीत खाण्यातून मेथिओनिन आणि कोलीन हे दोन घटक काढून टाकतात. यकृताला चरबी बाहेर पाठवता येत नाही आणि जोरदार सूज येते. गंमत म्हणजे हा उंदीर लठ्ठ होण्याऐवजी वाळत जातो! माझ्या एकाही रुग्णाला मेथिओनिन कमी पडून फॅटी लिव्हर झालेलं नाही.

माणसाच्या जवळ जाणारे नमुने अलीकडच्या दहा-बारा वर्षांतले आहेत. अमेरिकेत डॉ. अरुण सन्याल यांच्या गटाने दोन वाणांच्या संकरातून 'डायमंड' नावाचे उंदीर तयार केले आणि २०१६ मध्ये त्यांची माहिती प्रसिद्ध केली. या उंदरांना कोणतंही विष टोचलं नव्हतं. फक्त पाश्चात्त्य वळणाचं तेलकट खाणं आणि साखरेचं पाणी दिलं होतं. आधी चरबी, मग सूज, मग व्रण अशा क्रमाने जात सुमारे वर्षभरात त्यांच्यातल्या बहुतेकांच्या यकृतात गाठी झाल्या. क्रम माणसासारखाच होता. प्रमाण मात्र माणसासारखं नव्हतं. तिथे बहुतेकांना कर्करोग झाला, आपल्यात फारच थोड्यांना होतो. बातमीचा मथळा वाचताना हा फरक डोक्यात ठेवा. प्रयोगासाठी असेच उंदीर निवडतात ज्यांना कर्करोग होणारच आहे, नाहीतर अभ्यासायला काही उरणार नाही.

त्यातून काय कळलं

पहिली गोष्ट कळली ती सुजेबद्दल. चरबी नुसती पडून असते तोवर यकृत बरंच सहन करतं. पेशी मरू लागल्या, त्यांच्या जागी नव्या बनू लागल्या, आणि ही तोडफोड-बांधकाम वर्षानुवर्षं चालू राहिलं की चुका वाढतात. कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या (सॅन डिएगो) डॉ. मायकेल कॅरिन यांच्या गटाने २०१० मध्ये दाखवलं की लठ्ठ उंदरांत रसायनामुळे होणाऱ्या यकृताच्या गाठी जास्त वाढतात. त्यामागे टीएनएफ आणि आयएल-६ हे सूज पसरवणारे दोन निरोपे आहेत. ते निरोपे बंद केले की लठ्ठपणाचा तो परिणाम ओसरला. आयएल-६ चा संबंध आणखी एका कोड्याशी लागला. यकृताचा कर्करोग पुरुषांना स्त्रियांपेक्षा दुपटी-तिपटीने जास्त होतो. उंदरांतही नरांना जास्त होतो, आणि मादीतलं इस्ट्रोजेन हा निरोप दाबून ठेवतं असं २००७ मध्ये दिसलं.

दुसरी गोष्ट अनपेक्षित होती. शरीराचे रक्षक समजल्या जाणाऱ्या सीडी-८ पेशी फॅटी लिव्हरच्या सुजेत स्वतःच यकृताच्या पेशींवर हल्ला करून नुकसान वाढवतात. जर्मनीतल्या डॉ. माथिआस हायकेनवेल्डर यांच्या गटाने हे २०१४ मध्ये उंदरांत दाखवलं. त्याचा पुढचा धागा उपचारांशी जोडलेला आहे, तो थोड्या वेळाने घेऊ.

तिसरी गोष्ट अगदी ताजी, जानेवारी २०२५ ची आहे आणि पुन्हा कॅरिन यांच्याच गटाची. तेलकट-गोड खाण्याने यकृताच्या पेशींच्या डीएनएला इजा होते. अशी जखमी पेशी स्वतःला ब्रेक लावते आणि विभाजन थांबवते, म्हणजे एक प्रकारे अकाली म्हातारी होते. हे शरीराचं संरक्षणच आहे. पण काही जखमी पेशी पुढे हा ब्रेक सोडवून घेतात. 'एफबीपी-१' नावाचं एक विकर त्या ब्रेकचा भाग असतं, आणि ते नाहीसं झालं की पेशी बिघडलेल्या डीएनएसकट पुन्हा वाढू लागते. 'फॅटी लिव्हर इतकी वर्षं शांत होतं, मग अचानक गाठ कशी झाली?' हा प्रश्न नातेवाईक फार विचारतात. त्याचं हे एक संभाव्य उत्तर आहे. यावरून तयार झालेली रक्ततपासणी किंवा गोळी मात्र अजून तुमच्यासाठी उपलब्ध नाही.

उंदीर कुठे चकवतो

यकृताच्या कर्करोगाचं एक जुनं कारण म्हणजे अफ्लाटॉक्सिन, बुरशी लागलेल्या शेंगदाण्यात आणि मक्यात तयार होणारं विष. १९७४ मध्ये राजस्थान आणि गुजरातच्या सीमेवरच्या आदिवासी भागात बुरशीचा मका खाऊन अनेकांना जीवघेणी कावीळ झाली होती. हे विष मोठ्या जातीच्या उंदराच्या, म्हणजे रॅटच्या, खाण्यात अगदी थोडं आलं तरी त्याला यकृताचा कर्करोग होतो. आणि छोटा उंदीर? तो बऱ्यापैकी सुटतो, कारण त्याच्या यकृतात हे विष निकामी करणारं विकर भरपूर असतं. फक्त छोट्या उंदरावर तपासून थांबलो असतो, तर कुबट दाणे निर्धोक ठरले असते. (कडू किंवा बुरशीचा दाणा चटणीत 'खपवू' नका, हे जाता जाता.)

दुसरी अडचण खोलीच्या तापमानाची. प्रयोगशाळा साधारण २२ अंशांवर ठेवतात. आपल्याला बरं वाटतं, पण उंदराला ती थंडी असते आणि ऊब राखण्यात त्याची बरीच ऊर्जा जाते. त्याला ३० अंशांच्या पुढे ठेवलं की त्याच खाण्याने त्याचं फॅटी लिव्हर जास्त बिघडतं, हे २०१७ मध्ये दाखवलं गेलं. नुसत्या पिंजऱ्याच्या तापमानाने निकाल बदलत असेल, तर बाकीच्या फरकांचं काय सांगावं.

आपल्या दृष्टीने आणखी एक मोठा फरक आहे. आपल्याकडे वजन फारसं नसलेले, फक्त पोट सुटलेले फॅटी लिव्हरचे रुग्ण पुष्कळ असतात. आमच्या भागात रात्रपाळी करणारे, दिवसभर रिक्षा चालवणारे, फिल्मसिटीच्या सेटवर वेळी-अवेळी जेवणारे असे कितीतरी जण 'मी तर बारीक आहे' म्हणत रिपोर्ट दाखवतात. गुबगुबीत उंदरावरचा प्रयोग त्यांचं चित्र पूर्णपणे उभं करत नाही.

औषधांचा अनुभवही सावध करणारा आहे. सेलोनसर्टिब नावाचं औषध प्राण्यांत व्रण कमी करत होतं. २०१९ मध्ये माणसांवरच्या दोन मोठ्या चाचण्यांत ते अपयशी ठरलं. याउलट काही औषधं पार पडली. रेस्मेटिरॉमला मार्च २०२४ मध्ये आणि सेमाग्लुटाइडला ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेत सुजेसह मध्यम ते जास्त व्रण असलेल्या फॅटी लिव्हरसाठी मान्यता मिळाली, आणि तीही माणसांच्या बायोप्सीत फरक दिसल्यावर. भारतात सरोग्लिटाझर २०२० पासून या आजारासाठी मान्य आहे. यांपैकी कोणतंही औषध कर्करोग टाळतं असं मात्र अजून सिद्ध झालेलं नाही. ते कोणाला द्यायचं हे यकृततज्ज्ञ ठरवतील. शेजाऱ्याला चाललं म्हणून सुरू करण्याचं हे औषध नाही.

ज्यांच्या घरी कर्करोगाचं निदान झालं आहे त्यांच्यासाठी

वर सीडी-८ पेशींचा उल्लेख केला. २०२१ मध्ये त्याच जर्मन गटाने 'नेचर'मध्ये लिहिलं की फॅटी लिव्हरच्या सुजेतून कर्करोग झालेल्या उंदरांना प्रतिकारशक्ती जागवणारं औषध, म्हणजे इम्युनोथेरपी, दिल्यावर गाठी आक्रसल्या नाहीत. काही प्रयोगांत त्या वाढल्या. मग त्यांनी माणसांवर आधी झालेल्या तीन मोठ्या चाचण्यांमधल्या १६०० हून अधिक रुग्णांची आकडेवारी एकत्र तपासली. हिपॅटायटिस बी किंवा सी मुळे कर्करोग झालेल्यांना या औषधांचा फायदा जास्त, तर विषाणूशिवाय झालेल्यांना कमी दिसला.

ही बातमी वाचून 'मग बाबांना इम्युनोथेरपी नको' असं म्हणणारी कुटुंबं मी पाहिली आहेत. कृपया असं ठरवू नका. त्या चाचण्या हा प्रश्न सोडवण्यासाठी आखलेल्या नव्हत्या. 'विषाणूशिवाय' या गटात दारूमुळे आजारी झालेलेही होते. आणि आज वापरात असलेल्या औषधांच्या जोड्या त्यांपैकी काही चाचण्यांतल्या एकट्या औषधापेक्षा वेगळ्या आहेत. केवळ फॅटी लिव्हर हे कारण आहे म्हणून इम्युनोथेरपी नाकारावी, असं कर्करोगतज्ज्ञ आज सांगत नाहीत. प्रश्न मनात असेल तर तो तज्ज्ञांना थेट विचारा: "यांचा कर्करोग फॅटी लिव्हरमधून झाला आहे, तर उपचार निवडताना त्याने काही फरक पडतो का?" हा प्रश्न अगदी योग्य आहे. त्याचं उत्तर यकृत किती शाबूत आहे, गाठ कुठे आणि केवढी आहे, रक्तस्रावाचा धोका आहे का, यावरून मिळेल.

तुमचा धोका किती? कागद-पेन घ्या

सोनोग्राफीतला ग्रेड चरबीबद्दल सांगतो. कर्करोगाचा धोका मात्र व्रणांवर अवलंबून असतो, आणि सुरुवातीचे व्रण साध्या सोनोग्राफीत दिसत नाहीत. त्यामुळे 'ग्रेड १ आहे, काही नाही' आणि 'ग्रेड २ झालं, संपलं सगळं' ही दोन्ही वाक्यं चुकीची आहेत.

व्रणांचा पहिला अंदाज 'फिब-४' नावाच्या गणिताने येतो. लागतं फक्त वय, एसजीओटी, एसजीपीटी आणि प्लेटलेट. समजा वय ४९, एसजीओटी ४८, एसजीपीटी ६४ आणि प्लेटलेट २.१ लाख. वय गुणिले एसजीओटी, म्हणजे ४९ × ४८ = २३५२. एसजीपीटीचं वर्गमूळ ८. प्लेटलेट हजारांत घ्यायच्या, म्हणजे २१०. २१० × ८ = १६८०. आता २३५२ ला १६८० ने भागलं की येतात १.४. आकडा १.३ च्या खाली असेल तर मोठे व्रण असण्याची शक्यता कमी. २.६७ च्या वर असेल तर यकृततज्ज्ञांकडे जायलाच हवं. मधला असेल, जसा या उदाहरणात आहे, तर यकृताचा कडकपणा मोजणारी फायब्रोस्कॅन तपासणी करून घ्यावी. तिला सुई लागत नाही आणि ती दहा मिनिटांत होते. वय ६५ च्या पुढे असेल तर खालची मर्यादा २ धरतात. पस्तिशीच्या आत हे गणित भरवशाचं नाही, आणि ताप, डेंग्यू किंवा कावीळ चालू असतानाचे आकडे यात घालू नका. मधुमेह असलेल्यांनी हे गणित दर एक-दोन वर्षांनी डॉक्टरांकडून करून घ्यावं.

आकडा कमी आला तर खरा उपचार तुमच्या हातात आहे, आणि तो माणसांवरच तपासलेला आहे. वजन ५ टक्के कमी झालं की यकृतातली चरबी उतरते, ७ ते १० टक्के उतरलं की सूज कमी होते, आणि १० टक्क्यांच्या पुढे गेलं की पडलेले व्रणही अनेकांत मागे हटतात. ८० किलोच्या माणसासाठी हे ८ किलो झाले, एका वर्षात जमण्यासारखे. सुरुवात साखरेच्या चहाचे कप, कोल्ड्रिंक, फरसाण आणि रात्री अकराचं जेवण यांपासून करा. बारीक बांधा असलेल्यांना कमी वजन उतरवूनही फायदा होतो, त्यांनी पोटाचा घेर मोजावा. दारू 'थोडीशी' असली तरी व्रण असलेल्या यकृताला ती चालत नाही. हिपॅटायटिस बी आणि सी ची तपासणी एकदा करून घ्या आणि बी ची लस घेतली नसेल तर घ्या.

'लिव्हर टॉनिक' आणि काढ्यांबद्दल विचाराल, तर बाटलीवरचं 'संशोधनाने सिद्ध' हे बहुधा उंदरांपुरतंच असतं. २०२१ मध्ये मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षावर आक्षेप घेतला होता. वाद तज्ज्ञांमध्ये चालू राहो. तुम्ही काहीही घेत असाल तर ते डॉक्टरांना सांगा, एवढीच विनंती आहे. घरगुती म्हणून लपवलेल्या गोष्टीमुळे निदानाचे महिने वाया जातात.

सिरॉसिस असल्याचं सांगितलेलं असेल, तर दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी ठरलेली आहे. सोबत रक्तातली एएफपी ही तपासणीही बहुधा करतात. 'मला काहीच त्रास नाही' हे ती टाळण्याचं कारण होऊ शकत नाही, कारण लहान गाठ दुखत नाही, आणि लहान असतानाच ती काढता किंवा जाळता येते. पुढची तारीख आजच्या रिपोर्टवरच लिहून घ्या आणि घरातल्या आणखी एकाच्या मोबाइलमध्ये टाकून ठेवा. मधल्या काळात पोट फुगू लागलं, डोळे पिवळे झाले, शौचाला डांबरासारखी काळी झाली, रक्ताची उलटी झाली किंवा माणूस असंबद्ध बोलू लागला, तर तारखेची वाट न बघता त्याच दिवशी रुग्णालयात जा.